बाजार भरला, पण गल्ला कोणाचा भरला?

अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर जाणाऱ्या प्रत्येक समाजबांधवाने रस्त्याच्या कडेची ती छोटी छोटी दुकाने पाहिली आहेत. कोणी ताडपत्री अंथरून पुस्तके मांडतो, कोणी भगवान बुद्धांच्या मूर्ती, तर कोणी बाबासाहेबांचे फोटो, निळे झेंडे आणि दिनदर्शिका. या दुकानांचा हिशेब सरळ असतो. माल कितीचा भरला, गाडीभाडे किती लागले, विकले किती आणि उरले किती. रात्री गल्ला मोजला की नफा-तोटा समोर असतो.

आता हाच बाजार मोबाईलमध्ये भरू लागला आहे. शिवणक्लास केलेली आपली मुलगी कापडी पिशव्यांचे फोटो काढून त्यावर टाकते. बचत गटातल्या भगिनी गोधडी, मसाले, मण्यांचे दागिने ऑनलाइन विकायचे म्हणतात. जागेचे भाडे नाही, पोलिसांची काठी नाही आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गिऱ्हाईक जात विचारत नाही. ही गोष्ट लहान नाही. ज्यांच्या हातचे पाणी नाकारले गेले, त्यांच्या हातची वस्तू हजार मैलांवरचे गिऱ्हाईक आवडीने घेते, याचा आम्हाला आनंदच आहे.

पण आनंदाबरोबर हिशेबही हवा. ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपन्यांची वर्तमानपत्रांत वाहवा होते. अमुक कंपनीची विक्री दुप्पट झाली, तमुक कंपनीचा शेअर वधारला. तेव्हा आमच्या मनात एक साधा प्रश्न येतो. बाजार चालवणारा मोठा झाला म्हणजे त्या बाजारात बसणारा लहान विक्रेताही मोठा होतो काय? याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही एका अशा कंपनीचा इतिहास पाहिला, जिचा जन्मच लहान कारागिरांच्या नावाने झाला.

कारागिरांच्या नावाने उघडलेली पेठ

या कंपनीचे नाव एट्सी. २००५ साली न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात ती सुरू झाली. हाताने केलेल्या वस्तू, जुन्या वस्तू आणि हस्तकलेचे सामान विकण्याची ही ऑनलाइन पेठ. विणकाम करणाऱ्या, दागिने घडवणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या बायका तिथे मोठ्या संख्येने आल्या. एक वस्तू चार महिने मांडून ठेवण्याचे भाडे २० सेंट, आणि वस्तू विकली गेली तर किमतीवर साडेतीन टक्के कमिशन. मोठ्या कारखान्यांच्या मालासमोर हातांच्या मालाला उभे करणारी कंपनी म्हणून तिचा नावलौकिक झाला. समाजाचे हित सांभाळणाऱ्या कंपन्यांना ‘बी कॉर्प’ नावाचे प्रमाणपत्र मिळते. ते एट्सीने २०१२ साली मिळवले.

एप्रिल २०१५ मध्ये एट्सी शेअर बाजारात उतरली. १६ डॉलरला विकलेला शेअर पहिल्याच दिवशी ३० डॉलरवर बंद झाला. मात्र त्या दिवसापासून कंपनीला दोन धनी झाले. एक दुकान मांडणारा विक्रेता आणि दुसरा शेअर घेणारा गुंतवणूकदार. दोघांचे हित एक असते तोवर ठीक चालते. ते वेगळे झाले की कोणाचे ऐकायचे, हा प्रश्न उभा राहतो. २०१७ मध्ये तो उभा राहिला. गुंतवणूकदारांच्या दबावाखाली कंपनीचा प्रमुख बदलला, शेकडो नोकऱ्या गेल्या आणि ते ‘बी कॉर्प’ प्रमाणपत्रही कंपनीने त्याच वर्षी सोडून दिले.

पुढे जुलै २०१८ मध्ये साडेतीन टक्क्यांचे कमिशन पाच टक्के झाले. एवढेच नव्हे, आधी ते फक्त वस्तूच्या किमतीवर होते, आता ते टपालखर्चावरही लागू झाले.

फायदा झाला, हे मान्य

आम्हाला एकांगी लिहायचे नाही. कंपनी वाढली तेव्हा विक्रेत्यांना काहीच मिळाले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. २०२० साली कोरोनाची साथ आली आणि अमेरिकेत लोकांना मास्क मिळेनात. तेव्हा घरी शिलाई मशीन असलेल्या हजारो विक्रेत्या पुढे सरसावल्या. एकट्या एप्रिल २०२० मध्ये एट्सीवर सुमारे १ कोटी २० लाख मास्क विकले गेले. त्यांची किंमत सुमारे १३ कोटी ३० लाख डॉलर होती. २०१९ मध्ये कंपनीच्या पेठांतून सुमारे पाच अब्ज डॉलरचा माल विकला गेला होता. २०२० मध्ये तो दहा अब्जांच्या वर गेला. दुकाने दुप्पट झाली नव्हती, माल मात्र दुपटीने विकला गेला. म्हणजे सरासरी दुकानदाराच्या हातीही काही जास्त पडले. भरलेल्या बाजारात गिऱ्हाईक येते, आणि गर्दीचा लाभ लहानालाही होतो. हे खरे आहे.

पण गर्दीचा लाभ ही एक गोष्ट आणि नफ्यातला वाटा ही दुसरी. खरी गोम इथेच आहे.

२०२१ साली कंपनीच्या सर्व पेठांतून साडेतेरा अब्ज डॉलरचा माल विकला गेला आणि कंपनीची स्वतःची मिळकत झाली सुमारे २३३ कोटी डॉलर. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिचा शेअर ३०० डॉलरच्या आसपास पोहोचला. हा विक्रमी हिशेब फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झाला, आणि त्याच वेळी विक्रेत्यांना कळवले गेले की कमिशन पाचवरून साडेसहा टक्के होणार. भरभराटीच्या वर्षाचे बक्षीस कोणाला मिळाले, हे वाचकांनीच ठरवावे.

पाचवा वाटेकरी

आता एका विक्रेतीचा हिशेब मांडू. समजा, तिने शिवलेली पिशवी २० डॉलरला विकली आणि गिऱ्हाइकाकडून टपालाचे ५ डॉलर घेतले. एकूण २५ डॉलर आले. २०१८ पूर्वीच्या नियमाने तिचे कमिशन ७० सेंट झाले असते. साडेसहा टक्क्यांच्या नियमाने ते सुमारे १ डॉलर ६३ सेंट होते. वस्तू तीच, हात तेच, पण कमिशन दुपटीहून जास्त. त्यात मांडणीचे २० सेंट आणि पैसे वळते करण्याचा आकार (अमेरिकेत तीन टक्के अधिक २५ सेंट) म्हणजे आणखी १ डॉलर. झाले २ डॉलर ८३ सेंट.

हे इथेच थांबत नाही. २०२० पासून कंपनी विक्रेत्यांच्या वस्तूंची जाहिरात बाहेरच्या संकेतस्थळांवर करते. त्या जाहिरातीवरून गिऱ्हाईक आले तर लहान दुकानाकडून १५ टक्के कापले जातात. लहान दुकानाला ही जाहिरात नाकारता येते. पण ज्याची विक्री वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंत पोहोचली, त्याला १२ टक्के द्यावे लागतात आणि नकाराची सोयही राहत नाही. आपल्या पिशवीवर १५ टक्के लागले तर आणखी ३ डॉलर ७५ सेंट जातात. टपालाचे ५ डॉलर वजा केले की २५ पैकी हाती राहतात सुमारे साडेतेरा डॉलर. त्यातच कापड, दोरा, अस्तर, वीज आणि तिची दोन दिवसांची मेहनत.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग संसारासाठी, दोन भाग व्यवसायासाठी आणि एक भाग अडीअडचणीसाठी शिल्लक. कष्टकरी घराला आजही यापेक्षा चांगला सल्ला नाही. पण हे चार भाग पाडण्याआधीच एक पाचवा वाटेकरी पाटावर येऊन बसला आहे. १०० डॉलरच्या विक्रीमागे या कंपनीच्या गल्ल्यात २०१७ साली साडेतेरा डॉलरच्या आसपास पडत. २०२४ साली २२ डॉलरच्या वर पडले. यात विक्रेत्यांनी स्वतःहून घेतलेल्या जाहिरातीचे पैसेही आहेत, हे खरे. पण शेजारचा जाहिरात देतो आणि आपली वस्तू मागे पडते, तेव्हा ‘स्वतःहून’ या शब्दाला किती अर्थ उरतो?

आणि सर्वांत बोलकी गोष्ट पुढेच आहे. २०२१ मध्ये साडेतेरा अब्जांचा माल विकला गेला होता, तो २०२४ मध्ये १२.६ अब्जांवर आला. म्हणजे बाजार आटला. तरी कंपनीची मिळकत २३३ कोटींवरून सुमारे २८१ कोटी डॉलरवर गेली. माल कमी विकला गेला आणि कंपनीची मिळकत वाढली. हा वाढीव पैसा आकाशातून पडला नाही. तो विक्रेत्यांकडून आला. त्या नफ्यातून कंपनीने कोट्यवधी डॉलर खर्चून स्वतःचेच शेअर परत विकत घेतले. त्याचा लाभ शेअरवाल्यांना झाला, शिवणाऱ्या हातांना नाही.

फुले जयंतीच्या दिवशी बंद झालेली दुकाने

विक्रेते गप्प बसले नाहीत. वाढीव कमिशन ११ एप्रिल २०२२ पासून लागू होणार होते. त्याच दिवशी हजारो विक्रेत्यांनी आपली ऑनलाइन दुकाने ‘सुट्टीवर’ ठेवली. १८ एप्रिलपर्यंत हा संप चालला. त्यांना बहुधा ठाऊक नसेल, पण आपल्याला ठाऊक आहे की ११ एप्रिल हा महात्मा जोतिराव फुल्यांचा जन्मदिवस. त्याच आठवड्यात आपण इकडे बाबासाहेबांची जयंती साजरी करत होतो. वाढ मागे घ्या, जाहिरात नाकारण्याची सोय सर्वांना द्या, कारखान्याचा माल हातचा म्हणून विकणाऱ्यांना आवरा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मागणीपत्रावर ८० हजारांहून अधिक सह्या झाल्या.

कमिशनवाढ मागे घेतली गेली नाही. दुकाने लाखोंनी होती आणि संपात उतरलेली काही हजारच. ज्यांचे घर त्याच विक्रीवर चालते, त्यांना एक आठवडाही दुकान बंद ठेवणे परवडत नाही, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. पण त्या संपातून विक्रेत्यांची एक संघटना उभी राहिली. पुढे २०२३ मध्ये कंपनीने काही विक्रेत्यांच्या रकमेचा मोठा भाग अनेक आठवडे राखून ठेवायला सुरुवात केली. तेव्हा ब्रिटनमधल्या विक्रेत्यांनी एकत्र येऊन ओरड केली आणि कंपनीला नियम सैल करावे लागले. एकटीच्या तक्रारीला संगणकाचे उत्तर येते, हजारांच्या तक्रारीला माणूस उत्तर देतो.

बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कामगारांचा संप घडवला, तो याच जाणिवेने. विखुरलेल्या कष्टकऱ्याला भाव ठरवता येत नाही. भाव ठरवायचा तर त्याने संघटित झाले पाहिजे. गिरणीच्या जागी मोबाईल आला म्हणून हे सत्य बदललेले नाही.

मग आपण काय करावे?

आमचे उत्तर ‘ऑनलाइन विकू नका’ असे मुळीच नाही. विका, पण डोळे उघडे ठेवून विका.

पहिली गोष्ट म्हणजे वही ठेवा. प्रत्येक विक्रीमागे कमिशन, जाहिरात, टपाल, परत आलेला माल आणि आपली मजुरी लिहा. पुष्कळ भगिनी आलेली रक्कम म्हणजे नफा समजतात आणि स्वतःच्या मेहनतीचा मोबदला धरतच नाहीत. मुलांच्या गणिताच्या वहीची शेवटची पाने यासाठी पुरेशी आहेत.

दुसरी गोष्ट, सगळा माल एकाच दारात ठेवू नका. वस्तूवर आपल्या गटाचे नाव घाला. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, जयंतीचा मेळावा, वस्तीतले गिऱ्हाईक ही आपली हक्काची पेठ सोडू नका. आपल्या राज्यात मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीशिवायही राज्यातल्या राज्यात ऑनलाइन बाजारातून माल विकता येतो. मात्र जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि परराज्यात असा माल पाठवता येत नाही.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट मालकीची. १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचे लिज्जत. तिथे पापड लाटणारी बहीण संस्थेची भागीदार आहे, म्हणून संस्था वाढली की तिचाही वाटा वाढतो. एट्सीवरच्या विक्रेतीने बाजार मोठा केला, पण बाजार तिचा नव्हता. फरक एवढाच आहे, आणि सगळा फरक तोच आहे.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे, की बाजाराच्या भरभराटीने लहान विक्रेत्याला गिऱ्हाईक मिळते, पण वाटा आपोआप मिळत नाही. तो मालकीने मिळतो, नाहीतर संघटनेने मागून घ्यावा लागतो. प्रत्येक विहारात रविवारी आपण जमतोच. वंदना झाल्यावर अर्धा तास काढून कोण काय विकते, कोणाच्या हाती किती उरते, एवढे जरी एकमेकींना सांगितले, तरी पहिले पाऊल पडेल. वही घेऊन या, भगिनींनो. सुरुवात हिशेबापासूनच होते.

जय भीम!