पिठ्या ढेकणाच्या मागावर

गेली काही वर्षं नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या बाजारात मलावीचा हापूस उतरतो आणि रत्नागिरीत त्याची चर्चा सुरू होते. या वेळी ती बातमी वाचून मांडवीच्या एका वाचकांनी पत्र पाठवलं आहे. भावाबद्दल त्यात एक अक्षर नाही. त्यांचा प्रश्न असा: आफ्रिकेतल्या शेती-संशोधनावर जगभरातून इतका पैसा जातो, त्यातून तिथल्या साध्या माणसाच्या पदरात काही पडतं का?

पडतं. आणि त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा आंब्याच्याच झाडावर सापडतो, म्हणून पत्र वाचून मला फार आनंद झाला.

मलावीचं कोडं तसं साधं आहे. रत्नागिरी विषुववृत्ताच्या उत्तरेला 17 अंशांवर, तर मलावी दक्षिणेला 9 ते 17 अंशांवर. आपल्याकडे आषाढसरी कोसळत असतात तेव्हा तिकडे थंडी असते, झाड मोहोरतं आणि फळ आपल्या ऐन हिवाळ्यात तयार होतं. तिथल्या बागा कोकणातून नेलेल्या काड्यांवर उभ्या राहिल्या, असं व्यापारी सांगतात. ही झाली अलीकडची गोष्ट. आंबा मात्र आशियातून आफ्रिकेत केव्हाचाच पोचला होता. तो गेला, पण त्याचा एक शत्रू मागेच राहिला होता. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तोही पश्चिम आफ्रिकेत उतरला.

घाना, टोगो, बेनिन या देशांत आंब्याच्या पानाखाली, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, पांढऱ्या पिठ्या ढेकणांचे थर दिसू लागले. हा ढेकूण पानातला रस ओढतो आणि अंगातून चिकट गोड द्राव टाकतो. त्या द्रावावर काळी बुरशी चढते. तुडतुडे माजले की कोकणात जसा खार पडतो, तसाच हा प्रकार, फक्त अख्ख्या झाडावर. काळ्या पडलेल्या पानाला ऊन मिळत नाही, पानं गळतात, मोहोर येईनासा होतो. पश्चिम आफ्रिकेत आंबा हे अंगणातलं झाड. दुपारची बैठक त्याच्या सावलीत आणि हंगामात चार पैसे त्याच्या फळावर. आता त्या सावलीत बसलं तर डोक्यावर चिकटा गळायचा. लोकांनी झाडं तोडायला सुरुवात केली. अंगणा-अंगणातल्या एवढ्या उंच झाडांवर फवारणी करणार कोण, आणि औषधाचे पैसे देणार कोण?

हा किडा कोणता, हेच आधी नीट कळेना. 1986 मध्ये लंडनच्या डी. जे. विल्यम्स यांनी त्याचं वर्णन करून नाव दिलं: रास्ट्रोकॉकस इन्व्हाडेन्स. मूळ घर दक्षिण आशिया, म्हणजे आपल्याच आंब्यांचा मुलुख. इथे मला थांबावंसं वाटतं. जो किडा आफ्रिकेत गावंच्या गावं काळी करत होता, तो आपल्या झाडांवर किती पिढ्या राहत होता कोण जाणे, आणि विज्ञानाला त्याचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. कारण आपल्याकडे तो कधी माजलाच नाही. मग त्याला इथे आवरत होतं कोण?

हा प्रश्न घेऊन बंगळूरच्या जैविक नियंत्रण केंद्रातले ए. यू. नरसिंहम आणि एम. जे. चाको आंब्याची झाडं धुंडाळत फिरले. राष्ट्रकुलाच्या जैविक नियंत्रण संस्थेची ती भारतातली शाखा. काम दिसायला अगदी कंटाळवाणं: पानं उलटायची, ढेकूण गोळा करायचे, ते नळ्यांत ठेवायचे आणि त्यांतून काय बाहेर येतं याची वाट बघायची. बाहेर आली गांधीलमाशीच्या दूरच्या कुळातली, चिलटाहूनही लहान अशी एक माशी. नाव गायरॅनुसॉइडिया टेबिजी. हिची मादी ढेकणाच्या पिल्लाच्या अंगात अंडं घालते. अळी त्याला आतून खाते. ढेकणाचं कातडं तपकिरी आणि कडक होतं, त्याची कुपी बनते आणि एक दिवस त्या कुपीला गोल भोक पाडून नवी माशी उडून जाते. घरात मांजर असलं की उंदीर संपत नाहीत, पण माजतही नाहीत. ही माशी आंब्यावर तेच करते, आणि तेही एकाच जातीच्या उंदराच्या मागे लागून.

ही माशी आधी इंग्लंडमध्ये अलग ठेवून पारखली गेली. दुसरं काही खाऊन ती नवं संकट तर होणार नाही ना, याची खात्री करून घेतली गेली. 1987 मध्ये ती टोगोत सोडली, पुढच्या वर्षी बेनिनमध्ये. तिथून पुढचं काम तिनेच केलं. पाठोपाठ भारतातूनच दुसरी एक जात गेली. झाडं पुन्हा हिरवी झाली.

आता हिशेब. बेनिनचे कीटकशास्त्रज्ञ एमे बोकोनों-गांता आणि त्यांचे सहकारी ह्यूगो द ग्रूट आणि पीटर नॉयेनश्वांडर यांनी गावोगाव फिरून आंबा उत्पादकांना विचारलं आणि 2002 मध्ये आकडे छापले. माशी आल्यापासून एका उत्पादकाला वर्षाला सरासरी 328 डॉलर जास्त मिळत होते. वीस वर्षांचा मिळून बेनिनचा फायदा 53 कोटी 10 लाख डॉलर. आणि खर्च? इतर देशांतला सुरुवातीचा खर्च धरूनही 36 लाख 60 हजार डॉलर. एका डॉलरला 145 डॉलर!

आणि हे पैसे कोणाच्या हातात गेले ते बघा. शेतकऱ्याला काही विकत घ्यावं लागलं नाही, कर्ज काढावं लागलं नाही, अनुदानाचा अर्ज भरावा लागला नाही. ज्या बाईच्या अंगणात एकच झाड होतं, तिच्या झाडावरही माशी पोचली.

याच सुमारास आफ्रिकेतल्या कसाव्यावरच्या (या कंदपिकावरच्या) पिठ्या ढेकणाला दक्षिण अमेरिकेतल्या अशाच माशीने आवरलं. त्या मोहिमेचे म्होरके हान्स हेरेन यांना 1995 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. पण बंगळूरच्या त्या दोघांची नावं आपल्या शाळेतल्या पुस्तकांत यायला हवीत, असं मला मनापासून वाटतं. भारताने आफ्रिकेला दिलेली इतकी मोलाची भेट क्वचितच सापडेल.

अशीच दुसरी एक साखळी आहे, ती तर थेट रत्नागिरीच्या बागेत येते. बिहारमधल्या पुसा इथे एफ. एम. हॉलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या एका शेजाऱ्याने डास पळवायला रुमालाला सिट्रोनेला तेल लावलं, तर त्या रुमालावर फळमाश्यांची झुंबड उडाली. हॉलेटनी त्या पकडून पाहिल्या. सगळ्या नर! दुसरा कोणी रुमाल झटकून मोकळा झाला असता. हॉलेटनी 1912 मध्ये त्यावर टिपण लिहिलं आणि तीन वर्षांत त्या वासामागचं रसायन शोधलं: मिथाइल युजेनॉल. आपल्या तुळशीतही ते असतं. पुढे कळलं की नर ते खातो, त्यापासून मादीला भुलवणारा गंध तयार करतो, म्हणूनच त्यासाठी तो असा वेडापिसा होतो. आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा आंब्याच्या फांदीला टांगलेला दिसतो, त्यात हेच आमिष असतं. 2014 च्या मे महिन्यात युरोपने आपल्या हापूसला दार बंद केलं ते प्रामुख्याने फळमाशीमुळे, आणि ते पुन्हा उघडायला 2015 उजाडलं, हे इथल्या बागायतदारांना सांगायला नको.

तीच फळमाशी 2003 मध्ये केनियात पहिल्यांदा सापडली. तिला नवी जात समजून नवं नाव मिळालं होतं, पण 2015 मध्ये नक्की झालं की ही आशियातली जुनीच माशी आहे. तिथेही पहिलं हत्यार मिथाइल युजेनॉलच. पण ती परकी आहे हे वेळेवर ओळखलं गेलं, याचं श्रेय नैरोबीतल्या ‘इसिपे’ या कीटक संशोधन संस्थेला आहे. ही संस्था 1970 मध्ये थॉमस ओडियाम्बो या केनियन शास्त्रज्ञाने उभी केली. केंब्रिजला शिकलेला हा माणूस मायदेशी परतला आणि 1967 मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात पूर्व आफ्रिकेतलं विज्ञान आणि विकास यांवर त्याने लेख लिहिला. म्हणजे आपल्या वाचकांचाच प्रश्न. आफ्रिकेतल्या किड्यांवरचं संशोधन आफ्रिकेतच, आफ्रिकेच्या माणसांनी, आणि जगात कुठेही मान ताठ राहील अशा दर्जाचं केलं पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. मला तो शंभर टक्के पटतो. परकी माशी ओळखायला आधी घरच्या माश्या ओळखणारं माणूस तिथे वर्षानुवर्षं बसलेलं लागतं. संकट आल्यावर विमानाने तज्ज्ञ मागवून ते जमत नाही.

मग संशोधन झालं की विकास आलाच का? नाही, आणि इथे वाचकांच्या शंकेत तथ्य आहे. काजूचं बघा. टांझानियात 1973-74 मध्ये सुमारे 1 लाख 45 हजार टन काजू निघत होता, तो 1986-87 पर्यंत 20 हजार टनांच्या खाली आला. भाव पडले होते, सरकारने माणसांना बागांपासून दूर नव्या गावांत हलवलं होतं, आणि त्यात भुरी रोग पसरला. नालिएंडेले इथल्या संशोधन केंद्राने गंधकाच्या भुकटीने भुरी आवरून दाखवली आणि नव्या जाती काढल्या. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस पीक पुन्हा लाखाच्या पुढे गेलं. पण त्यातली बरीचशी बी कच्चीच जहाजात चढते आणि भारतात किंवा व्हिएतनाममध्ये फोडली जाते. आपल्या कोकणातल्या कारखान्यांतही आफ्रिकेची बी असते. गराचा नफा फोडणाऱ्याकडे जातो. ते गणित बदलायला कारखाना, भांडवल, वीज आणि बंदर लागतं. प्रयोगशाळेच्या हातात ते नाही.

आपल्याकडेही तसंच घडलं. हापूसच्या साक्याची, म्हणजे फळाच्या आत गर खराब होण्याच्या दोषाची, शास्त्रीय नोंद 1930 च्या दशकापासून आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 मध्ये ‘रत्ना’ दिला. त्यात साका नाही, आणि तो दरवर्षी धरतो. शास्त्रज्ञांनी आपलं काम चोख केलं होतं. पण गिऱ्हाईक पेटीवर हापूस हेच नाव शोधतं, म्हणून बागायतदार हापूसच लावत राहिला. यात त्याची चूक मी मानत नाही. जे संशोधन बाजारातून जाऊन पोचतं त्याला बाजाराचे सगळे अडथळे पार करावे लागतात. बेनिनच्या माशीला ते करावे लागले नाहीत, म्हणून तिचं यश इतकं निखळ आहे.

पत्र पाठवणाऱ्यांना मांडवीच्या जेट्टीवरून खाडीपलीकडे भाट्ये दिसत असेल. तिथलं नारळ संशोधन केंद्र 1955 पासून आहे. बाणवली नारळातून निवडलेली ‘प्रताप’ ही त्यांची जात 1987 मध्ये आली. माड धरायलाच सहा-सात वर्षं लागतात, मग त्याच्या उत्पन्नाच्या वर्षानुवर्षं नोंदी ठेवायच्या, तेव्हा कुठे एक जात हाती येते. असल्या केंद्राचं मोल वर्षाच्या ताळेबंदात दिसणार नाही, पण त्याचा निधी आणि माणसं कमी करणं म्हणजे पुढच्या किडीला मोकळं रान देणं आहे.

आणि एक करून बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कलमाच्या पानाखाली पांढरे ढेकूण दिसले तर लगेच पंप उचलू नका. भिंगाखाली पान धरा. पांढऱ्यांच्या मध्ये तपकिरी, फुगीर, कडक झालेल्या कुप्या आहेत का आणि त्यांच्या एका टोकाला टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक आहे का, ते शोधा. अशा कुप्या बऱ्याच दिसल्या तर फवारणी थांबवून आठवड्याने तेच पान पुन्हा तपासा. औषधाने ढेकणाआधी ती माशीच मरते.