जितकी माणसं, तितकी अंडी : एका कढईतला झणझणीत रस्सा

गटाच्या बैठकीला येणाऱ्या आणि कामामुळे येता न येणाऱ्या, हातातलं काम करता करता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या तायांनो, वहिनींनो, मावश्यांनो, आज आपण कर्जाचं आणि हप्त्याचं बोलणार नाही. आज चुलीपाशी बसू. एका कढईत होणारा अंड्यांचा रस्सा कसा करायचा ते सांगतो, आणि तो का करायचा तेही सांगतो.

आधी 'का' ते सांगतो. मागे आमच्या गावात रक्त तपासणीचं शिबिर झालं. आमच्या गटातल्या एका वहिनींचं हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. बाईचं ते निदान बारा असावं लागतं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, "घरी कोंबड्या आहेत का?" वहिनी म्हणाल्या, "आहेत की, आठ आहेत." "मग अंडी खाता का?" वहिनी गप्प झाल्या. आम्ही शेजारीच उभे होतो. आम्हाला उत्तर माहीत होतं, कारण आमच्याकडेही तेच चालायचं. अंडी दुकानात जातात. उरली तर त्यांची भुर्जी होते. चार अंडी, सहा माणसं. आधी पोरं जेवतात, मग पुरुष माणसं, मग सासूबाई. शेवटी आपण बसतो तेव्हा कढईत कांदा उरलेला असतो. तोच भाकरीने पुसून खायचा आणि म्हणायचं, आज घरात अंडी झाली.

यात कुणी मुद्दाम आपल्याला उपाशी ठेवत नाही. भुर्जीत अंडं मोजताच येत नाही. कुणाच्या ताटात किती गेलं हे ना वाढणारीला कळतं, ना खाणाऱ्याला. रश्शात मात्र अंडं फोडून अख्खंच सोडलं, तर ते अख्खंच शिजतं आणि अख्खंच ताटात पडतं. घरात सहा माणसं असतील तर सहा अंडी सोडायची. कुणी दुसरं घ्यायला गेलं तर लगेच दिसतं की ते कुणाचं तरी आहे. म्हणून आमच्या गटात आम्ही हा रस्सा धरून बसलो आहोत.

यात नवीन काही नाही. आपल्याकडे पाहुणा अचानक आला की आमटीत अंडी फोडून टाकायची पद्धत जुनीच आहे. मुंबईकडच्या पारशी घरांतही भेंडीवर, बटाट्यावर, टोमॅटोवर अंडी फोडून झाकण ठेवून शिजवतात. अंडी वेगळी उकडायला नकोत, सोलायला नकोत. एक भांडं, एक चूल, अर्धा-पाऊण तास. ज्या घरात अंड्याचं भांडं वेगळं ठेवतात तिथेही सोयीचं, कारण एकच कढई बाहेर काढावी लागते.

सहा जणांसाठी काय लागेल

अंडी सहा. मध्यम कांदे तीन, पिकलेले टोमॅटो तीन. लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं. किसलेलं सुकं खोबरं पाव वाटी. शेंगदाण्याचं कूट दोन चमचे. कांदा-लसूण मसाला दोन ते तीन चमचे, हळद अर्धा चमचा. तेल तीन पळ्या. जिरं, मीठ, मूठभर कोथिंबीर. आणि चिरलेला पाला दोन मुठी. मेथी, पालक, शेवग्याचा कोवळा पाला, परसात जे असेल ते. गरम पाणी दोन वाट्या.

कांदा-लसूण मसाला नसेल तर ज्या भागात जो मसाला तो वापरा. मराठवाड्यात येसर असेल, कोकणात मालवणी मसाला आणि सुक्याऐवजी ओलं खोबरं असेल. रस्सा चालतो. फक्त एक लक्षात ठेवा, कांदा-लसूण मसाल्यात आधीच मीठ असतं. म्हणून मीठ शेवटी, चव बघून घाला.

अंडी आधी तपासून घ्या

खोलगट भांड्यात पाणी घ्या आणि अंडं त्यात सोडा. तळाशी आडवं पडलं तर ताजं. तळाशी उभं राहिलं तर जुनं, पण चालण्यासारखं. वर तरंगलं तर ते टाकून द्या. असं का होतं? अंड्याच्या टरफलाला बारीक छिद्रं असतात. दिवस जातात तसं आतलं पाणी उडतं, हवा शिरते आणि अंडं हलकं होतं. कोंबडीखालून काढलेली अंडी धुऊन साठवू नका. टरफलावर एक नैसर्गिक थर असतो, धुतल्यावर तो जातो आणि अंडं लवकर खराब होतं. मळ लागला असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. धुवायचं ते वापरायच्या वेळी.

कृती

जाड बुडाची, पसरट कढई घ्या. अंड्यांना शेजारी शेजारी बसायला जागा हवी. जर्मनची असो, स्टीलची असो, चालेल. लोखंडी कढईत पोटात थोडं लोह जातं हे खरं, पण टोमॅटोच्या आंबटपणाने रस्सा काळपट होतो आणि अंड्याच्या पांढऱ्यालाही काळपट रंग येतो. तो रंग बाधत नाही. चालणार असेल तर लोखंडी घ्या, फक्त रस्सा त्यात तसाच ठेवून देऊ नका, लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

कढईत थोडं तेल टाकून अर्धा कांदा आणि खोबरं खरपूस भाजा. ते काढून लसूण, आलं, कोथिंबिरीच्या काड्या घालून वाटून घ्या. पाट्यावर वाटा नाहीतर मिक्सरला लावा.

त्याच कढईत उरलेलं तेल तापवा. जिरं तडतडलं की उरलेला कांदा बारीक चिरून टाका. कांदा लालसर होईपर्यंत थांबा. इथे घाई केली की रश्शाला कच्चट गोडसर चव राहते. मग वाटण घाला आणि परता. चूल बारीक करा आणि मगच हळद आणि मसाला टाका. तिखट जळायला क्षणही लागत नाही. जळलं की रस्सा कडू झालाच समजा. म्हणून मसाल्याबरोबरच दोन चमचे पाणी शिंपडा. आता टोमॅटो घाला आणि झाकून मऊ होऊ द्या. कडेने तेल सुटलं म्हणजे मसाला शिजला.

पाला घाला, दोन मिनिटं परता. मग कूट आणि गरम पाणी घाला. थंड पाणी घालू नका, तर्री दबते. एक चांगली उकळी आली की मीठ बघा. रस्सा फार पातळ नको. पळीतून धार पडेल पण सरसर वाहणार नाही, इतपत हवा. पातळ रश्शात अंडं बुडून तळाला चिकटतं.

आता महत्त्वाची पायरी. चूल एकदम बारीक करा. लाकडाची चूल असेल तर लाकडं मागे ओढा आणि निखाऱ्यावर ठेवा. रस्सा खदखदत असताना अंडं सोडलं की पांढरं फाटतं, त्याचे धागे होतात आणि सगळा रस्सा गढूळ होतो. पळीने रश्शात एक खळगा करा. अंडं आधी वाटीत फोडा, एक खराब निघालं तर सगळी कढई जाऊ नये म्हणून. वाटी रश्शाजवळ नेऊन अंडं अलगद खळग्यात सोडा. कडेने पाच आणि मधे एक, अशी सहा बसतात. बलकावर चिमूटभर मीठ आणि मसाला भुरभुरा.

झाकण ठेवा आणि ढवळू नका. मोह होतो, पण हात आवरा. खालून रश्शाची आणि वरून वाफेची आच मिळून अंडं शिजतं. आठ-दहा मिनिटांनी झाकण काढा. पांढरं घट्ट झालेलं दिसेल. चमच्याच्या पाठीने बलक हलकेच दाबा. डुचमळला तर अजून दोन-तीन मिनिटं ठेवा. शहरात कुणी बलक मऊ ठेवतात. आपण घट्ट होऊ द्यायचा, विशेषतः घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर. कच्च्या अंड्यात जुलाब-उलट्या करणारे जंतू असू शकतात. आणि कच्चं अंडं ताकदीचं म्हणून दुधातून देतात तेही चुकीचंच आहे. शिजलेलं अंडं अंगी जास्त लागतं.

चूल बंद करा, कोथिंबीर टाका, आणखी दोन मिनिटं झाकून ठेवा. वाढताना उलथनं अंड्याखाली सरकवून अंडं अख्खं उचला, मग वरून रस्सा घाला. ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी, कांदा आणि लिंबाची फोड.

अंड्यात काय आहे, काय नाही

एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे अंडं सगळी गरज भागवत नाही, भाकरी, डाळ, उसळ लागतेच. पण अंड्यातली प्रथिनं अंगी चांगली लागतात. शिवाय त्यात बी-१२ जीवनसत्त्व असतं, जे धान्यात आणि भाजीत जवळपास मिळत नाही आणि जे रक्त तयार व्हायला लागतं.

मात्र एक गोष्ट खरी खरी सांगतो. अंड्यात लोह फारसं नसतं. नुसती अंडी खाऊन हिमोग्लोबिन वाढेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. म्हणून तर रश्शात दोन मुठी पाला घातला आणि ताटात लिंबू ठेवलं. पाल्यातलं लोह लिंबामुळे अंगी लागतं. आणि जेवल्यावर लगेच चहा नको, चहा ते लोह अडवतो. तास-दीड तास थांबा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या चालूच ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ ची आहे. त्यात आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे बैठकीत आपण दहाजणी बसलो, तर त्यात पाच-सहाजणी असणार.

अंडं उष्ण पडतं अशीही भीती असते. बहुतेक वेळा जळजळ होते ती तिखटाने. मसाला दोन चमच्यांवरून एकावर आणा, कूट थोडं वाढवा, बघा काय होतं ते. अंडं खाल्ल्यावर कुणाच्या अंगावर पित्त उठत असेल तर मात्र त्या माणसाने खाऊ नये.

पण विकायची काय?

हा प्रश्न बैठकीत येतोच. अंडी विकून मीठ-मिरची, पोरांच्या वह्या येतात, ते आम्हाला ठाऊक आहे. विकू नका असं आम्ही म्हणत नाही. पण एक हिशेब करा. गावठी अंड्याला भाव जास्त मिळतो. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, बलकाचा रंग तिच्या खाण्यावर. पोषणात गावठी आणि फार्मच्या अंड्यात फार फरक नसतो. गावठी बारा विकली, तर त्या पैशांत फार्मची बाराहून जास्त येतात. मग गावठी विका, त्यातल्या काही पैशांची फार्मची आणा आणि घरात खा. उरलेले पैसे तुमचेच.

वार ठरवून टाका. सोमवार, गुरुवार, शनिवार बहुतेक घरांत अंडं चालत नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार यातला एक वार पक्का करा, जमलं तर दोन. ज्या घरात माळ आहे, त्यांना आमचा आग्रह नाही. हाच रस्सा करून त्यात मोड आलेली मटकी शिजवा नाहीतर बेसनाच्या वड्या सोडा, आणि वाटणीचा नियम तोच ठेवा.

त्या वहिनींनी बुधवार धरला. पहिल्या बुधवारी त्यांनी सहा अंडी सोडली आणि नेहमीसारखं आपलं अंडं धाकट्याच्या ताटात टाकलं. सासूबाईंनी विचारलं, "तुझं कुठंय?" पुढच्या बुधवारी सासूबाईंनी आधी सुनेच्या ताटात अंडं वाढलं, मग स्वतःच्या. गोळ्या आणि पाला चालू आहेच. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं होतं. बारापर्यंत अजून जायचंय.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात रस्सा करा. कढईत अंडी सोडण्याआधी घरातली माणसं मोजा, आणि मोजताना स्वतःला धरून मोजा. पुढच्या बैठकीत आम्ही हप्ता घेताना प्रत्येकीला एवढंच विचारणार आहोत की, तुमचं अंडं तुम्ही खाल्लं का? नमस्कार.