वाचता येतं, म्हणून पहिलीत घालायचं?

अवसरी बुद्रुकच्या एका अम्मींचा प्रश्न आहे : मुलगी डिसेंबरात सहा पूर्ण करील. मराठी वाचते, मकतबात नूरानी कायदाही संपत आला. यंदा जूनमध्येच पहिलीत घालावं, की वर्षभर थांबावं?

नियम आड येत नाही. 31 डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणाऱ्या मुलांना आपल्या राज्यात त्या जूनला प्रवेश मिळतो. म्हणून एकाच वर्गात साडेपाचची आणि जवळजवळ साडेसहाची मुलं शेजारी बसतात, आणि या वयात वर्षाचा फरक फार मोठा. वाचणं हे नजरेचं काम. पानभर लिहिताना बोटं न दुखणं, दिवसभर वर्गात बसणं, खिचडी आपल्या हाताने खाणं, बाईंना लघवीला विचारणं, हे वेगळं. (नानी म्हणणार, पोरगी हुशार आहे. आहेच की!)

एवढं जमत असेल तर खुशाल घाला. अंगणवाडीत तीच गाणी ऐकून ती कंटाळेल. नसेल जमत, तर थांबा. नमाजची ताकीदसुद्धा सातव्या वर्षी करायला सांगितली आहे. मधल्या वर्षात गोष्टीची पुस्तकं द्या, नाजरा सुरू करा, दुकानात सुट्टे पैसे तिला मोजू द्या.

मात्र प्रवेशासाठी जन्मतारीख मागेपुढे करू नका. शाळेच्या रजिस्टरातली तारीख दहावीच्या सर्टिफिकेटपर्यंत जाते.