छावणीतला गोठा

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींची जेवढी माणसे लढाईत पडत, त्याहून कितीतरी अधिक आजाराने दगावत. विषमज्वर हा त्यातला मोठा वैरी, आणि डॉक्टरांचा संशय बाजारातल्या दुधावरही होता. दुधात पाणी पडे. ते विहिरीचे की नाल्याचे, याची खात्री कोण देणार? लष्करी इस्पितळांना तर रुग्णांसाठी दूध रोज लागे. अखेर लष्कराने स्वतःच गाई पाळायचे ठरवले. १ फेब्रुवारी १८८९ रोजी अलाहाबादला पहिले मिलिटरी फार्म सुरू झाले.

पुढे छावणी तिथे फार्म असा विस्तार होत गेला. दुधाइतकीच निकड वैरणीची होती. मोटारी येण्याआधी तोफा आणि रसद ओढायची ती घोड्यांनी, खेचरांनी आणि बैलांनी. त्यांच्यासाठी कुरणे राखायची, पावसाळा संपला की गवत कापून वाळवायचे, दाबून त्याच्या गाठी बांधायच्या आणि गंजी रचून पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायच्या, हेही या खात्याचेच काम. पुणे परिसरात पिंपरीचे मिलिटरी डेअरी फार्म जुन्या रहिवाशांच्या चांगल्या परिचयाचे आहे. स्वातंत्र्यानंतर भारतभर अशी १३० फार्म होती आणि त्यांत सुमारे ३०,००० जनावरे होती. १९७१ च्या युद्धात दोन्ही आघाड्यांवर या खात्याने दूध पोहोचवले. १९९० च्या दशकात लेह आणि कारगिललाही फार्म उभी राहिली. लेहला साडेअकरा हजार फूट उंचीवर, गोठवणाऱ्या थंडीत जवानाला ताजे दूध मिळू लागले. कारगिलच्या लढाईतही हा पुरवठा चालू राहिला. भरभराटीच्या काळात वर्षाला साडेतीन कोटी लिटर दूध आणि २५,००० टन वाळले गवत हे खाते पुरवत असे.

या खात्याचे ऋण मात्र छावणीच्या कुंपणात मावणारे नाही. बंगळूरच्या लष्करी डेअरी फार्मच्या पायावर १९२३ मध्ये पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसायाची इंपिरियल इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९२७ मध्ये प्रकृतीसाठी बंगळूरला असताना गांधीजी गोपालन समजून घ्यायला तिथे गेले होते. वर्गीस कुरियन यांनी दुग्धव्यवसायाचे पहिले धडे घेतले तेही तिथेच. आज कर्नालला असलेली राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्था याच संस्थेचा विस्तार आहे.

फार्मचे सर्वांत मोलाचे काम चालले ते गोठ्यातल्या नोंदवहीत. प्रत्येक जनावराला क्रमांक. त्यापुढे आईचा क्रमांक, वळूचा क्रमांक, जन्मतारीख, कितवे वेत, दोन्ही वेळच्या धारांचे वजन, स्निग्धांश, आजारपण, भाकड काळ. एकेका गाईचा आयुष्यभराचा हिशेब.

या हिशेबाला एवढे महत्त्व का, ते वळूच्या निवडीत कळते. वळू स्वतः दूध देत नाही. त्याची पारख होते ती लेकींच्या दुधावरून. आधी त्याचे वीर्य द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवायचे, त्यातून वेगवेगळ्या फार्मवर कालवडी जन्माला घालायच्या. त्या वाढून तिसऱ्या वर्षाच्या आगेमागे वितात. मग तीनशे दिवसांचे दूध रोज मोजायचे. तेव्हा कुठे कोणता वळू ठेवायचा नि कोणता काढायचा, हे ठरते. पाच-सहा वर्षे सहज जातात. दोन गाईंच्या शेतकऱ्याला हे एकट्याने जमणारे नाही. त्यासाठी हजारो गाई, एकसारखी निगा आणि कधी न चुकणारी नोंद लागते. लष्कराकडे हे तिन्ही होते.

फ्रिजवाल गाय यातूनच घडली. होल्स्टीन फ्रिजियनचा अंश पाच अष्टमांश, साहिवालचा तीन अष्टमांश. एकीकडून दूध, दुसरीकडून ऊन आणि गोचीड सोसण्याची ताकद. पूर्ण वाढ झालेल्या गाईने तीनशे दिवसांच्या वेतात चार टक्के स्निग्धांशाचे ४,००० किलो दूध द्यावे, हे उद्दिष्ट होते. १९८० च्या दशकात भारतीय कृषी अनुसंधान परिषद लष्कराच्या जोडीला आली आणि मेरठ या कामाचे केंद्र झाले.

२०१६ मध्ये लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांच्या समितीने, लढाऊ बळ वाढवायचे तर सैन्याने बाकीचा पसारा आवरावा, असे सुचवले. त्यानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये उरलेली ३९ फार्म मिटवण्याचा निर्णय जाहीर झाला. जनावरे सरकारी खात्यांकडे आणि सहकारी दूधसंस्थांकडे गेली. ३१ मार्च २०२१ रोजी दिल्ली छावणीत समारंभपूर्वक १३२ वर्षांच्या या सेवेची सांगता झाली.

निर्णय रास्त होता. सहकारी डेअरीचे निर्जंतुक दूध आज छावणीच्या दारात मिळते, मग शिपायाने गोठा का सांभाळावा? पण गोठा बंद झाला म्हणून नोंदीची शिस्त संपता कामा नये. आपल्या नगर, पुणे, सांगली, कोल्हापूरच्या गोठ्यांत संकरित गाई भरपूर आहेत, पण पुष्कळांच्या वळूचा पत्ता मालकाला सांगता येत नाही. तालुका दूधसंघांनी प्रत्येक रेतनाची आणि प्रत्येक वेताची नोंद ठेवण्याचे काम हाती घ्यावे. आणि शेतकऱ्याने एवढे तरी करावे: कालवड विकत घेताना रंग आणि शिंगे पाहण्याआधी तिच्या आईचे दूध किती होते आणि वळू कोणता होता, हे लेखी मागावे.