सड्यावरची सायकल

आज आपण सायकलवर बोलणार आहोत. हसू नका. ग्रामसंघाच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला तेव्हाही सगळ्या हसल्या होत्या. "दापोलीत आणि सायकल? चढ कोण चढणार?" असं एक काकी म्हणाल्या. त्यांचा प्रश्न बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

दापोली शहर समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फुटांवर आहे. हर्णै, मुरुड, कर्दे ही गावं अगदी किनाऱ्याला. म्हणजे जाताना जेवढा उतार, तेवढाच येताना चढ. आमच्यासारख्यांच्या वाड्या तर डांबरी रस्त्यापासून खाली, मधे जांभ्या दगडाची पाखाडी. तिच्यावरून सायकल चालत नाही, हे आम्हालाही माहीत आहे. पण पाखाडी चढून वर आलं की सडा लागतो आणि सड्यावरचा रस्ता बऱ्यापैकी सपाट असतो. शाळा, रेशनचं दुकान, बँकेची वाट यातली पुष्कळशी चाल त्या सपाटीवरचीच आहे. तेव्हा आमच्यातल्या दोघींनी सायकली वरच्या घरांत ठेवायची सोय केली. आणि मोठा चढ आला की उतरायचं, सायकल हातात धरून चालायचं. त्यात लाज कसली? दहा किलो तांदूळ कॅरिअरला बांधून ढकलणं सोपं नाही, पण तो भार मानेवर तरी येत नाही.

आपला तालुका तसा चालणाऱ्यांचाच. मुरुडचे महर्षी कर्वे मुलगा असताना परीक्षेसाठी पावसातून सातारपर्यंत चालत गेले होते आणि वयानं लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही, ही गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. साने गुरुजी दापोलीच्या शाळेतून पालगडला घरी चालत जायचे. आपल्या आज्या, आया डोक्यावर पाटी घेऊन किती चालल्या ते मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही.

आता जरा हिशोब करू, हिशोब तर आपल्या गटांचा आवडता. साधी बाई तासाला चार-साडेचार किलोमीटर चालते. सायकलवर घाई न करताही दहा-बारा होतात. बँक तीन किलोमीटरवर असेल तर चालत पाऊण तास, सायकलवर पाव तास. जाऊन-येऊन तासभर वाचला. 17 मार्च 2023 पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं, त्याचा फायदा आम्हीही घेतो. पण गाडी तिच्या वेळेला येणार. आपलं काम अकराला संपलं आणि गाडी दीडला असली, तर मधला वेळ थांब्यावर जातो. सायकलला वेळापत्रक नाही. पेट्रोल नाही आणि लायसन्सही नाही.

बायकांनी हे पूर्वी करून दाखवलेलं आहे. तामिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा गरीब जिल्हा आहे. तिथे 1991 मध्ये साक्षरतेची मोठी मोहीम निघाली. शीला राणी चुंकत या तेव्हा तिथल्या कलेक्टर होत्या. अक्षरओळखीबरोबर बायकांना सायकलही शिकवायची, असं त्या मोहिमेत ठरलं. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीतल्या, अशा हजारो बायका शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. लेडीज सायकली मिळेनाशा झाल्या तेव्हा बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या आणि पुढच्या दांड्यावर मूल बसवता येतं म्हणून काहींना त्याच जास्त आवडल्या. लोक टोमणे मारत होतेच. तो जिल्हा आपल्यापेक्षा सपाट, हे मान्य. पण टोमणे सगळीकडे सारखेच असतात.

मोठेपणी सायकल येते का? येते. आम्ही पस्तिशीच्या पुढे शिकलो. मागून कोणीतरी कॅरिअर धरायचं आणि पळायचं, ही पद्धत सोडून द्या. धरणारा दमतो आणि शिकणारी त्याच्याच भरवशावर राहते. त्यापेक्षा सायकलवाल्याकडून दोन्ही पायडलं काढून घ्या. घरी काढत असाल तर लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, जोर लावून तुटेल पण सुटणार नाही. सीट इतकी खाली करा की बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकतील. मग अगदी हलक्या उतारावर पायांनी ढकलत जायचं. पडायला लागलं की पाय टेकायचा. तोल सायकलला नाही, आपल्या अंगाला सापडतो. दोन-चार दिवसांत पाय आपोआप वर राहायला लागतात. मग पायडलं लावायची. आमच्यातल्या एकीला मात्र तीन आठवडे लागले आणि आज सगळ्यात लांब तीच जाते.

कपड्यांचं म्हणाल तर साडीवर जमतं, फक्त चेनकव्हर पुरतं हवं आणि मागच्या चाकाला साडीगार्ड हवा. पदर खोचलेला. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी कमरेला घट्ट बांधा. ओढणी चाकात गेली तर माणूस तोंडावर पडतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

ब्रेकबद्दल मात्र आम्ही जरा जास्त बोलणार. बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, पण आपल्या सायकलीला कुठला ते आधी बघून घ्या. उतारावर एकटा पुढचा ब्रेक करकचून दाबला तर मागचं चाक उचलतं. आधी मागचा, मग दोन्ही, आणि उतार सुरू व्हायच्या आतच वेग कमी. हर्णैच्या उतारासारखा लांब उतार असेल तर ब्रेकची रबरं झिजली नाहीत ना, हे घरून निघतानाच पाहायचं. पावसात शेवाळ धरलेल्या किंवा लाल चिखल आलेल्या रस्त्यावर आम्ही सायकल काढतच नाही. किनाऱ्याकडच्या बायांनी चेनला दर आठवड्याला तेल द्यावं, खारा वारा लोखंड खातो.

इथपर्यंत सगळं कामाचं झालं. कामासाठी सायकल म्हटलं की घरचे हो म्हणतात. आम्हीही तसंच सांगून सुरुवात केली. खरी अडचण पुढे आली. एका रविवारी चार वाजता आम्ही तिघी सड्यावर नुसत्याच निघालो. वाटेत भेटणारा प्रत्येक जण विचारी, "कुठे चाललात?" एकीच्या तोंडून निघून गेलं, "बँकेत." रविवारी! विचारणारे आजोबा काही बोलले नाहीत, पण हसले. त्या दिवशी कळलं की पुरुष नाक्यावर जाऊन उभा राहतो, त्याला कारण लागत नाही. आपल्याला मात्र दळण, औषध, मीटिंग, काहीतरी सांगावं लागतं.

दापोलीत सायकलिंग क्लब आहे. त्यांच्या फेऱ्यांत लहान मुलं असतात, आजोबाही असतात, आणि हौसेनं चालवणारे ते चढसुद्धा चढतात. आमची मजल तेवढी नाही. आम्ही सड्यावरून पलीकडच्या टोकापर्यंत जातो, तिथून समुद्राची पट्टी दिसते. सायकली गवतात आडव्या टाकून बसतो. करवंदं असली तर खातो. पश्चिमेचा वारा परतताना पाठीवर असतो, फार पायडल मारावंच लागत नाही. दिवेलागणीच्या आत घरी.

आता कोणी विचारलं तर आम्ही सांगतो, "कुठे नाही, अशाच." पहिल्यांदा सांगताना जीभ अडली होती. आता ते आजोबाच लांबून हात करतात आणि विचारतात, "काय, बँकेत का?"