नियतकालिकाचा आकडा आणि वैद्यकाची शाखा

समजा, अस्थिरोगाच्या एका नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर ४ आहे आणि कर्करोगाच्या एकाचा ८. एवढ्यावरून दुसरं दुप्पट चांगलं ठरतं का? मुळीच नाही. का नाही, हे कळायला तो आकडा निघतो कसा ते आधी पाहायला हवं.

हिशेब साधा आहे. २०२४ सालचा आकडा काढताना, त्या नियतकालिकात २०२२ आणि २०२३ मध्ये आलेल्या मजकुराचा संदर्भ २०२४ मध्ये किती वेळा दिला गेला ते मोजतात. समजा, ८०० वेळा. त्या दोन वर्षांत शोधनिबंध आणि आढावालेख मिळून २०० छापले असतील, तर ८०० भागिले २०० म्हणजे ४. यात एक खाच आहे. संपादकीयांना आणि वाचकांच्या पत्रांना मिळालेले संदर्भ अंशात धरले जातात, पण तो मजकूर छेदात येत नाही. चर्चा घडवणारी पत्रं भरपूर छापली, तर आकडा थोडा वर सरकतो.

ही पद्धत यूजीन गारफिल्ड आणि आयर्विंग शेर यांची, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची. आपल्या संदर्भसूचीत कोणती नियतकालिकं घ्यायची हे ठरवायला त्यांना ती हवी होती. डॉक्टरांची योग्यता तोलणं हा तिचा हेतू नव्हता.

शाखांमधला फरक काही अंशी त्या दोन वर्षांच्या मुदतीतून येतो. खुब्याचा कृत्रिम सांधा दहा वर्षं टिकतो का, हे कळायला दहा वर्षंच जावी लागतात. अशा अभ्यासाला संदर्भ सावकाश मिळत राहतात आणि बरेचसे मुदत संपल्यावर येतात. कर्करोगावरच्या नव्या औषधाची चाचणी मात्र छापून येताच काही महिन्यांत उद्धृत होऊ लागते.

टोकाचं उदाहरण ‘सीए : अ कॅन्सर जर्नल फॉर क्लिनिशियन्स’चं. २०२१ सालचा त्याचा आकडा २८६ च्या वर होता. कोविडवरच्या निबंधांमुळे उंचावलेल्या ‘लॅन्सेट’चा २०२ च्या वर. ‘सीए’ वर्षाला मोजकेच लेख छापतं, आणि त्यात अमेरिकेतल्या कर्करोगाची वार्षिक आकडेवारी असते. कर्करोगावर लिहिणारे असंख्य संशोधक प्रास्ताविकातच तिचा हवाला देतात. छेद लहान, अंश प्रचंड.

म्हणजे हाती येते ती सरासरी, आणि ती थोड्या लेखांनी ओढलेली. त्याच अंकातल्या शेजारच्या निबंधाला दोनच संदर्भ मिळालेले असू शकतात. म्हणून बढतीच्या तक्त्यात उमेदवाराच्या निबंधापुढे नियतकालिकाचा आकडा लिहून गुण देणं मला सरळ अन्याय वाटतं. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या जाहीरनाम्यानेही हीच प्रथा सोडायला सांगितलं आहे.

नियतकालिकांची तुलना करायचीच असेल, तर ती शाखेच्या आत करावी. त्वचारोगाचं नियतकालिक त्वचारोगाच्या यादीत वरच्या चतुर्थांशात आहे का, हा प्रश्न योग्य. शाखा ओलांडायची असेल तर ‘स्निप’ हे माप आहे : हेंक मूड यांनी लायडनमध्ये २०१० च्या सुमारास मांडलेलं. त्यात त्या क्षेत्रात मुळात संदर्भ किती दिले जातात, त्याने भागून घेतात. शिवाय इम्पॅक्ट फॅक्टर जाहीर करणारी क्लॅरिव्हेट कंपनी २०१८ पासून प्रत्येक नियतकालिकाच्या संदर्भांचा आलेख आणि मध्यकही देते. सरासरी आणि मध्यक यांत मोठं अंतर दिसलं, की तो आकडा कुणाच्या बळावर उभा आहे ते आलेखातच शोधता येतं.