प्रकाशाला गणित शिकविताना

दीपगृहाचा झोत समुद्रावरील तांडेलाला किनाऱ्याची वार्ता देतो. प्रकाश निरोप पोहोचवितो, हे किनारपट्टीवरील माणसाला नव्याने सांगावयास नको. त्याच प्रकाशाकडून गणितही करवून घेता येईल काय, हा प्रश्न मात्र शास्त्रज्ञांपुढे साठ वर्षांहून अधिक काळ उभा आहे.

साधे भिंगदेखील चित्रातील बारीक व ठळक रेषांची वर्गवारी एका क्षणात करते. या गुणाचा उपयोग करून 1964 मध्ये अमेरिकेत व्हॅन्डर लुग्ट यांनी चित्रातील विशिष्ट आकृती प्रकाशाच्या साहाय्याने ओळखण्याची रीत दाखविली. 1990 मध्ये बेल प्रयोगशाळेत ॲलन हुआंग यांच्या चमूने प्रकाशावर चालणारे प्राथमिक गणनयंत्र सादर केले, तेव्हा विजेच्या संगणकाचे दिवस भरले असे अनेकांस वाटले. तसे घडले नाही. दोन किरण एकमेकांना छेदून, काही घडलेच नाही अशा थाटात पुढे निघून जातात. निरोप वाहताना हा गुण. परंतु गणितात एका संकेताने दुसऱ्याला अडवावे लागते आणि तेथे तोच दोष ठरतो. मध्यस्थी करणारा योग्य पदार्थ हवा. खरी अडचण पदार्थाची आहे.

म्हणूनच हैदराबादेत चाललेल्या कार्याची दखल घेणे अगत्याचे वाटते. 1974 मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात प्रा. राजदुराई चंद्रशेखर व त्यांचे विद्यार्थी केसाहून बारीक सेंद्रिय स्फटिक हाताळतात. स्फटिक ठिसूळ असतो ही आपली समजूत. यांतील काही मात्र वेताच्या छडीसारखे वाकतात. सूक्ष्मदर्शकाच्या सुईसारख्या टोकाने ते सरकवावयाचे, वाकवावयाचे, तोडावयाचे, एकमेकांस भिडवावयाचे; मग आतील प्रकाश वळणे घेत, फाटे फोडीत धावतो. ‘मेकॅनोफोटॉनिक्स’ या नावाने ही पद्धत ओळखली जाते. हा काही संगणक नव्हे. प्रकाशाच्या वाटा बांधण्याची ती विद्या आहे. परंतु वाटच नसेल तर प्रवास कोठला?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना लागणारी प्रचंड वीज पाहता प्रकाशाच्या गणिताकडे जग पुन्हा वळले आहे. आपला पूर्वानुभव कटू आहे. 1989 मध्ये मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सला आग लागली आणि चिपनिर्मितीत आपण वर्षानुवर्षे मागे रेंगाळलो. 2021 मध्ये केंद्राने या उद्योगासाठी 76 हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती योग्यच होय. परंतु कारखाना पैशाने उभारता येतो. पदार्थांचे ज्ञान वर्षानुवर्षांच्या चिकाटीनेच हाती लागते. विद्यापीठांतील प्रयोगशाळांना दहा-पंधरा वर्षांचे निश्चित अनुदान व तरुण संशोधकांना वेळेवर विद्यावेतन मिळाले नाही, तर ही विद्याही उद्या आपणांस परकीयांकडून विकत घ्यावी लागेल. दिवा लावणे सोपे. त्यात तेल घालीत राहणे, हेच शासनाचे कर्तव्य आहे.